शेतमजुरांच्या वंशावळी

आपल्याकडे कुळाचा शोध घ्यावयाचा झाला, तर पहिली वाट तीर्थक्षेत्रांकडे जाते. नाशिकच्या, त्र्यंबकेश्वरच्या किंवा काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत एखाद्याला आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर सापडते. काही घराण्यांनी तर आपले कुलवृत्तान्त छापून ठेवले आहेत. परंतु ही सोय यात्रा करू शकणाऱ्यांची आणि वतनदारांची. ज्याच्यापाशी ना वतन, ना सनद, त्याचे नाव चार पिढ्यांमागे कोठे शोधावे? हाच प्रश्न इंग्लंडमधील खेडुतांविषयी विचारला, तर त्याचे उत्तर पुष्कळसे आशादायक आहे. ज्याच्या मालकीची वीतभर जमीनही नव्हती, अशा शेतमजुराचा वंश तेथे कित्येकदा अडीचशे-तीनशे वर्षे मागे नेता येतो. तो कसा नेतात आणि त्यात सावधगिरी कोणती बाळगावी लागते, ते आज आपण पाहू.

ह्या शोधाची मुख्य साधने दोन : पॅरिशच्या वह्या आणि दर दहा वर्षांची खानेसुमारी. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारी वस्ती. कधी ते एकच खेडे असे, कधी चार-दोन वाड्या मिळून एक पॅरिश होई. पूजाअर्चेखेरीज गरिबांना पोसणे, रस्ते नीट राखणे ही कामेही पॅरिशच्याच गळ्यात असत. त्यामुळे माणूस कोणत्या पॅरिशचा, ह्या प्रश्नाला पैशाचे महत्त्व होते. आणि जेथे पैशाचा प्रश्न येतो तेथे कागद जपून ठेवला जातो.

१५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल ह्याने फर्मान काढले की, प्रत्येक पॅरिशने एक वही ठेवावी आणि प्रत्येक बाप्तिस्मा, विवाह आणि दफन तीत लिहावे. दर रविवारी चर्चच्या कारभाऱ्यांसमक्ष नोंद व्हावी. वही दोन कुलपांच्या पेटीत राहावी. एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी कारभाऱ्यांकडे असावी. नोंद चुकली तर तीन शिलिंग चार पेन्स दंड. हा नव्या कराचा घाट आहे, असा संशय लोकांनी घेतला आणि पुष्कळ ठिकाणी आरंभी टाळाटाळ झाली. ज्या वह्या लिहिल्या गेल्या, त्याही बहुधा साध्या कागदाच्या असल्याने लवकर जीर्ण झाल्या. म्हणून १५९८ मध्ये नवा नियम झाला. जुन्या नोंदी, निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या, चर्मपत्रावर उतरून काढाव्यात, असे त्यात सांगितले होते. अनेक वह्यांचा आरंभ नेमका १५५८ पासून का होतो, ह्याचे कारण हेच. त्याच वेळी वर्षभराच्या नोंदींची एक नक्कल बिशपकडे पाठविण्याचा दंडक घालण्यात आला. आज मूळ वही आगीत किंवा ओलीने गेली असली, तर ही नक्कल शोधकाचा आधार ठरते.

ह्या वह्यांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा एका प्रसिद्ध उदाहरणावरून ध्यानात येईल. स्ट्रॅटफर्डच्या वहीत २६ एप्रिल १५६४ ह्या दिवशी जॉन शेक्सपियरचा पुत्र विल्यम ह्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. जगभर ज्याची जयंती २३ एप्रिलला साजरी होते, त्या नाटककाराच्या जन्मतिथीचा लेखी पुरावा एवढाच. जन्माचा दिवस वहीत नाही. तेवीस तारीख हा मागाहून केलेला अंदाज आहे. शिवाय आज दिसते ते पान मूळ नोंदीचे नसून १६०० च्या सुमारास चर्मपत्रावर उतरलेली नक्कल आहे. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे आणि नक्कल म्हणजे मूळ नव्हे, हे दोन धडे पहिल्याच दिवशी गिरवून घ्यावे लागतात.

तिसरा धडा कालगणनेचा. आपले शकवर्ष जसे चैत्रात पालटते, तसे इंग्लंडात १७५१ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला लागे. एखाद्या जोडप्याचा विवाह एप्रिल १७२० मध्ये आणि अपत्याचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये दिसला, तर घाईने काही भलता निष्कर्ष काढू नये. तो फेब्रुवारी त्या एप्रिलनंतर दहा महिन्यांनी आलेला असतो. १७५२ पासून वर्षारंभ १ जानेवारीला आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरातील अकरा दिवस गाळले गेले : २ तारखेनंतर एकदम १४ तारीख.

१७५४ च्या मार्चमध्ये विवाहाचा नवा कायदा अमलात आला. क्वेकर आणि ज्यू ह्यांचा अपवाद सोडता, सर्वांचे विवाह पॅरिशच्या चर्चमध्ये, जाहीर पुकारा करून किंवा परवाना घेऊन, व्हावेत, आणि वधूवरांनी व साक्षीदारांनी वहीत सही करावी, असे ठरले. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली मारीत. ज्या स्त्रीने जन्मभर दुसऱ्याच्या गाई दोहल्या, दुसऱ्याच्या शेतात सुगी केली, तिच्या स्वतःच्या हाताची कागदावर उरलेली एकमेव खूण म्हणजे ती वाकडी फुली असते. पुढे १८१३ पासून छापील नमुन्याच्या वह्या आल्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा आणि वस्ती, दफनाच्या नोंदीत वय आणि वस्ती हे रकाने भरणे भाग पडले. त्यापूर्वीच्या नोंदी पाद्र्याच्या मर्जीवर असत. एखादा ‘जॉनचा पुत्र टॉमस’ एवढ्यावरच थांबे आणि आईचे नावही देत नसे.

आता खानेसुमारीकडे वळू. इंग्लंडात ती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होऊ लागली; पण सर्व देशभर माणसांची नावे जपून ठेवली गेली ती ६ जून १८४१ च्या गणनेपासून. तीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये खालच्या पाचाच्या पटीत लिहावयाची होती. एकोणचाळिशीचा माणूस पस्तिसाचा दिसतो तो त्यामुळे. जन्मस्थानाविषयी मुख्यतः एवढेच विचारले होते की, जन्म ह्याच काउंटीतला आहे की नाही. खरे भांडार उघडते ते ३० मार्च १८५१ च्या गणनेने. कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, धंदा आणि जन्माचे पॅरिश, हे सारे तीत लिहिलेले असते. १९११ च्या गणनेत कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला तक्ताच जपलेला आहे, आणि तीत विवाहितेला किती मुले झाली व त्यांतली किती दगावली, हेही विचारलेले आहे. ही कागदपत्रे साधारणतः शंभर वर्षे बंद ठेवतात. १९२१ ची गणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. तिच्यापुढे मात्र दरी आहे. १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत भस्म झाले आणि १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही.

शोधाची रीत एकच : ज्ञाताकडून अज्ञाताकडे, एकेक पायरी मागे. समजा, १८५१ मध्ये एक शेतमजूर चाळीस वर्षांचा आहे आणि त्याने जन्माचे पॅरिश सांगितले आहे. मग त्या पॅरिशच्या वहीत १८११ च्या मागेपुढे दोन-चार वर्षे त्याचा बाप्तिस्मा शोधावा. तेथून आईबापांची नावे मिळतात. पहिल्या अपत्याच्या आधीच्या वर्षांत त्यांचा विवाह पाहावा. तो बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होत असे, म्हणून शेजारची पॅरिशेही चाळावी लागतात.

येथेच खरी कसोटी लागते. इंग्रज खेडुतांत नावांची चणचण फार. जॉन, विल्यम, टॉमस, मेरी, एलिझाबेथ ह्यांतच सारे गाव सामावलेले. एकाच पॅरिशमध्ये दोन वर्षांच्या अंतराने दोन चुलतभावांना मुलगा झाला आणि दोघांनीही आजोबाचे नाव ठेवले, असे वारंवार घडते. मूल वारले तर तेच नाव पाठच्या भावाला देत. म्हणून बाप्तिस्मा सापडताच आनंदून न जाता दफनाची वही उघडावी. सापडलेला विल्यम सहाव्या महिन्यात पुरला गेला असेल, तर तो कोणाचा पणजोबा होऊ शकत नाही. आज ह्या वह्यांच्या प्रतिमा आणि सूची संगणकावर घरबसल्या पाहता येतात. त्याने श्रम वाचतात, पण चुकीचा पूर्वज चिकटविण्याची घाईही वाढते. सूची हे केवळ बोट दाखविणे आहे. पान स्वतः वाचल्यावाचून नाते मानू नये.

वही मूक झाली की गरिबांचे कागद बोलू लागतात. १६६२ च्या कायद्याने निराश्रिताला त्याच्या हक्काच्या पॅरिशमध्ये परत धाडण्याची मुभा दिली. मग न्यायाधीशासमोर त्याची जबानी होई : जन्म कोठे झाला, कोणाकडे वर्षभर चाकरी केली, वेतन काय होते, लग्न कोठे झाले. पूर्ण वर्षाच्या चाकरीने अविवाहित गड्याला त्या पॅरिशचा हक्क मिळे. म्हणून काही शेतकरी गड्याला वर्षाला काही दिवस कमीच कामावर ठेवीत. बापाचे नाव नसलेल्या मुलाचा बाप कोण, हेही पॅरिशचे अधिकारी शोधीत, कारण त्याच्या पोषणाचा खर्च त्यांना टाळावयाचा असे. ह्या चौकशा निर्दय होत्या. तरीही ज्या दारिद्र्यामुळे त्या माणसाला गावोगाव हाकलले, त्याच दारिद्र्यामुळे त्याचे अख्खे आयुष्य कागदावर उतरले. खाऊनपिऊन सुखी असलेल्या त्याच्या शेजाऱ्याविषयी कधी कधी तीन ओळींहून अधिक काही मिळत नाही.

ह्या कथेचा एक धागा आपल्या गावांपर्यंतही येतो. बेळगाव, महू, सिकंदराबाद अशा छावण्यांत आलेले पुष्कळसे गोरे शिपाई खेड्यांतलेच मजूर होते. छावणीतील चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ह्यांच्या नोंदींच्या नकला मुंबई, मद्रास आणि बंगाल ह्या इलाख्यांमार्फत लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. निवृत्त शिपायाच्या कागदांत त्याचे जन्मपॅरिश आणि पूर्वीचा धंदा लिहिलेला सापडतो. दख्खनच्या उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या थडग्यापासून एखाद्या इंग्रज खेड्यातील वहीपर्यंतची वाट अशी जोडता येते.

शेवटी एक इशारा. टॉमस हार्डीच्या १८९१ सालच्या ‘टेस’ ह्या कादंबरीत एक पाद्री एका गरीब फेरीवाल्याला सांगतो की, तू एका जुन्या सरदार घराण्याचा वंशज आहेस. आणि त्या एका वाक्याने त्या कुटुंबाची धूळधाण सुरू होते. सरदार सापडावा म्हणून केलेला कुळशोध बहुधा असाच फसतो, कारण हवा तो पूर्वज मिळेपर्यंत पुरावा वाकविण्याचा मोह आवरत नाही. जेथे पुरावा संपतो तेथे थांबावे आणि वंशवृक्षाची ती फांदी मोकळी सोडावी. पाच पिढ्या शेतमजूर निघाले, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्यांनी नांगरलेली शेते अजून पिकत आहेत, आणि त्यांची नावे, फुलीसह का होईना, वहीत शाबूत आहेत.