घरी येणारा श्वानप्रशिक्षक

अहिल्यानगरमधल्या सावेडी, केडगाव किंवा भिंगारच्या घरात पिल्लू आलं की काही महिन्यांत तक्रारी सुरू होतात: पाहुण्यांवर उड्या, चपलांचा फडशा, फिरायला नेलं की पट्टा ओढणं. अशा वेळी घरी येणारा प्रशिक्षक उपयोगी पडतो, कारण कुत्रा जिथे चुकतो त्याच जिन्यात, त्याच फाटकाशी शिकतो.

या कामाला वेगळा सरकारी परवाना सक्तीचा नाही, त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. पैसे ठरवण्याआधी एक शिकवणी समोर बसून पाहा. खाऊ आणि शाबासकीने शिकवणारा माणूस निवडा. काठी, काटेरी पट्टा किंवा शॉकचा पट्टा निघाला तर तिथेच थांबवा. माराने कुत्रा दबतो, आणि घाबरलेला कुत्रा चावण्याची भीती अधिक. प्राण्यांना क्रूरपणे मारणं १९६०च्या कायद्याने गुन्हाही आहे.

प्रशिक्षक तासाभराने जातो. उरलेला दिवस घरच्यांचा. एकाने ‘बस’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘सिट’, आणि आजीने ताटाजवळ पोळी द्यायची, असं चाललं तर शिकवणी वाया जाते. म्हणून सगळ्यांनी हजर राहावं.

अकोले, संगमनेर, राहुरीकडे उसाजवळ वस्ती असेल तर बिबट्याच्या धोक्यामुळे हाकेसरशी परत येणं आधी शिकवून घ्या. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. अंधार पडल्यावर कुत्रा दाराच्या आतच हवा.