स्वस्थतेची सवय

मराठीत ‘स्वस्थ’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. शरीराने निकोप असणे हा एक आणि काही न करता शांत असणे हा दुसरा. मूळ संस्कृतात मात्र जो ‘स्व’च्या ठायी स्थिर आहे, तो स्वस्थ. आरोग्य, सावकाशपणा आणि स्वतःशी असलेला प्रामाणिकपणा या तिन्ही गोष्टी ज्या एका शब्दात एकत्र नांदतात, तो शब्द आपण बहुधा मुलांना दटावण्यापुरताच वापरतो. प्रस्तुत लेखकालाही त्याचा पुरता अर्थ कळण्यास वयाची पंचेचाळीस वर्षे लागली, आणि तोही एका आरोग्य तपासणी शिबिरात.

शिबिर कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होते. एका हातात नस्ती, दुसऱ्या हाताने कानाशी धरलेला भ्रमणध्वनी, अशा अवस्थेत जिना चढून मी पोहोचलो आणि बाही वर करून हात पुढे केला. परिचारिकेने पट्टा बांधण्यास नकार दिला. “आधी पाच मिनिटे स्वस्थ बसा. पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, बोलू नका आणि तो फोन इकडे द्या.” ती पाच मिनिटे मला संपता संपेनात. कामाशिवाय, वाचनाशिवाय, बोलण्याशिवाय सलग पाच मिनिटे आपण यापूर्वी केव्हा बसलो होतो, याचा मी विचार करू लागलो, आणि उत्तर काही आठवेना.

रक्तदाब १५२/९६ निघाला. एका मोजणीवरून निदान करीत नाहीत, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आणखी दोन वेळा बोलावले. आकडे फारसे उतरले नाहीत. तेव्हा त्यांनी एक गोळी सुरू केली आणि माझ्या हाती एक घडीपत्रिका दिली. उच्च रक्तदाबाविषयीच्या त्या घडीपत्रिकेचा मजकूर दोन वर्षांपूर्वी मीच संपादित केला होता! मीठ कमी करा, रोज चाला, पुरेशी झोप घ्या, सावकाश जेवा, ही वाक्ये माझ्याच लेखणीखालून गेलेली. त्या दिवशी माझ्या डब्यात लोणचे होते, पापड होता आणि तो डबा मी टपाल पाहता पाहता सात मिनिटांत संपविला होता. जे इतरांना सांगून पगार घ्यावा, त्यातले एकही आपण करू नये, ही गोष्ट रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा मला अधिक बोचली.

पाच मिनिटे बसविण्यामागे शास्त्रीय कारण आहे. जिना चढल्यावर, बोलत असताना, फार काय लघवी तुंबलेली असतानाही रक्तदाब तात्पुरता वाढतो. विश्रांत अवस्थेतही तो वारंवार १४०/९० वा त्याहून अधिक आढळला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. हा विकार बहुतेकांना वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण दाखवीत नाही. पहिली सूचना कित्येकदा पक्षाघाताच्या रूपानेच येते. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत विनामूल्य होते. गावात तिचा दिवस कोणता, हे पंचायत सदस्यांनी अवश्य विचारावे.

पूर्वी वर्धा जिल्ह्यात नेमणुकीस असताना पाहुण्यांना घेऊन सेवाग्रामला जाण्याचे काम माझ्याकडे वारंवार येई. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तेथे, म्हणजे त्या वेळच्या शेगावात, राहावयास आले. बापूकुटीच्या मातीच्या भिंती, चटई, बैठे मेज हे सारे मी पाहुण्यांना पाठ म्हटल्यासारखे दाखवीत असे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी थेट संपर्कासाठी बसवून दिलेला दूरध्वनीही तेथे, बापूंच्या दप्तरात, पाहावयास मिळतो. पुढच्या गाडीची वेळ होत असल्याने मी सर्वांना तेथून लवकर बाहेर काढीत असे, हेही कबूल केले पाहिजे. शिबिरानंतर ती कुटी मला वेगळ्या रीतीने आठवू लागली.

सावकाश जगणे म्हणजे सैल जगणे, असा एक समज आहे. गांधीजींच्या कमरेला घड्याळ लटकलेले असे आणि पहाटेपासूनची त्यांची दिनचर्या त्यावर चाले. ३० जानेवारी १९४८ रोजी सरदार पटेलांशी बोलणे लांबल्यामुळे सायंप्रार्थनेस सुमारे दहा मिनिटांचा उशीर झाला, त्याचीही त्यांना खंत वाटली होती. वेळ ठरलेली असली की धावपळ उरत नाही. अकराची सभा साडेबाराला सुरू करणारे आपणच दुपारी जेवणाची घाई करतो.

दर सोमवारी ते मौन पाळीत. २ जून १९४७ हा सोमवारच होता. फाळणीच्या योजनेविषयी बोलण्यास माउंटबॅटन यांनी त्यांना त्या दिवशी बोलाविले, तेव्हाही गांधीजींनी मौन मोडले नाही. वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर त्यांनी आपले म्हणणे लिहून दिले. त्या मौनामागे राजकीय धोरण किती आणि नियम किती, याची चर्चा अभ्यासकांनी करावी. दूरध्वनी वाजताच चालू वाक्य अर्धवट सोडणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र त्या नियमाचे नवल वाटते.

येथे एक सत्य झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अशा दिनचर्येचा, मिताहारी, नित्य चालणारा हा माणूस उच्च रक्तदाबापासून मुक्त नव्हता. १९३७ च्या अखेरीस त्यांना त्यासाठी जुहूला विश्रांती घ्यावी लागली आणि १९४० मध्ये त्यांचा रक्तदाब २२०/११० इतका नोंदला गेला. चांगल्या सवयी म्हणजे कवचकुंडले नव्हेत. वैद्याने दिलेली गोळी सवयींच्या भरवशावर बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कोणीही करू नये.

माझ्या घरी सुरुवात मिठापासून झाली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीस दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा भरू नये. त्यात लोणचे, पापड, फरसाण व बिस्किटांतील मीठही आले. चार माणसांच्या कुटुंबास या हिशेबाने महिन्याला सहाशे ग्रॅमसुद्धा लागू नये. आमच्याकडे किलोचा पुडा तीन आठवडे पुरत असे. पत्नीने हा हिशेब दिनदर्शिकेवर मांडला, ताटातील मिठाची जागा रिकामी केली आणि वरून मीठ मागावयाचे नाही, असे ठरविले. पहिले पंधरा दिवस आमटी अळणी लागली. पुढे जिभेस सवय झाली. आता उपाहारगृहातील भाजी खारट वाटते.

जेवणाची गोष्ट अधिक अवघड निघाली. पोट भरल्याची जाणीव मेंदूस होण्यास वीसेक मिनिटे लागतात. सात मिनिटांत जेवणारा माणूस ती जाणीव होण्यापूर्वीच जादा भाकरी खाऊन उठतो. याबाबतीत आपल्या प्राथमिक शाळांकडून शिकण्यासारखे आहे. माध्यान्ह भोजनाला मुले ओळीने बसतात, सर्वांना वाढून होईपर्यंत थांबतात, श्लोक म्हणतात आणि मग पहिला घास घेतात. शिक्षक हे सारे कसोशीने करवून घेतात. त्यानंतर त्यांपैकी कित्येकजण आपला डबा उभ्या उभ्या, ऑनलाइन माहिती भरता भरता खातात. त्यांनी मुलांच्या पंगतीतच बसावे, असे मी एका केंद्रशाळेत सुचविले, तेव्हा बाई हसल्या आणि म्हणाल्या, “मग माहिती कोण भरणार?” या प्रश्नास माझ्याकडे उत्तर नव्हते. माहिती मागविणाऱ्यांमध्ये आमचे कार्यालयही असते.

चालण्याविषयी फार लिहीत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे झपाट्याने चालावे, असे तज्ज्ञ सांगतात. मी बसथांबा एक आधीचा धरला. रात्री दहानंतर भ्रमणध्वनी स्वयंपाकघरातील फडताळात ठेवतो. आपत्तीच्या दिवसांत हा नियम मोडतो, एरवी बहुधा पाळतो.

आठ महिन्यांनी त्याच परिचारिकेने रक्तदाब मोजला: १३४/८६. गोळी चालू आहे. घडीपत्रिकेची नवी आवृत्ती सध्या मुद्रणालयात असून तिच्यात दोन बदल केले आहेत. मोजणीपूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसण्याची सूचना आता पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आली आहे आणि महिन्याच्या मिठाचा हिशेब कोष्टकरूपाने दिला आहे. ज्या ग्रामपंचायतींना व शाळांना प्रती हव्या असतील, त्यांनी आपल्या जिल्हा माहिती कार्यालयात मागणी नोंदवावी.