गर्भाशयाचा आक्रमक कर्करोग आणि शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी

येडशीच्या पंचक्रोशीला ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’ अपरिचित नाही. कारण १९९९ साली येथील उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात जे संशोधन सुरू झाले, त्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा सहभाग होता, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या, आणि एकाच एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. परंतु त्या तपासणीचा अंमल मुखापुरताच आहे.

गैरसमज : तोंडाची तपासणी निर्दोष, म्हणजे पिशवीही निर्दोष.
वस्तुस्थिती : गर्भाशयाच्या अस्तरातला सीरस कर्करोग हा निराळा रोग. अस्तराच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे दहा टक्के, पण त्या कर्करोगांच्या मृत्यूंत त्याचा वाटा सुमारे चाळीस टक्के. पाळी कायमची गेल्यावर लुगड्याला लागलेला एक डागही म्हणूनच तपासणीस पात्र ठरतो.

गैरसमज : सोनोग्राफीत अस्तर पातळ दिसले की चिंता मिटली.
वस्तुस्थिती : चार मिलिमीटरांहून पातळ अस्तर बहुधा दिलासा देते खरे, तथापि सीरस प्रकार सुकलेल्या, पातळ अस्तरातही उद्भवतो. रक्तस्राव पुन्हा झाल्यास अस्तराचा नमुना घ्यावाच लागतो. तसेच सीए-१२५ ही रक्तचाचणी नॉर्मल आली, म्हणून रोग नाही असा दाखला मिळत नाही.

गैरसमज : तुकडा काढला की रोग पसरतो.
वस्तुस्थिती : या भीतीपायी निदान लांबणे हेच खरे घातक. बारीक नळी गर्भाशयात घालून ओढलेला नमुना फॉर्मॅलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजिस्टकडे जातो. सीरस प्रकाराचा संशय असल्यास तेथे पी-५३ प्रथिनाची चाचणीही होते. नमुना अपुरा निघाला, किंवा अहवाल निर्दोष असूनही स्राव थांबला नाही, तर दुर्बिणीतून पाहून क्युरेटिंग करतात.

गैरसमज : आधी पिशवी काढावी, रोगाचे नाव मागाहून कळेल.
वस्तुस्थिती : रोगाचा प्रकार आधी ठाऊक असेल, तरच सीटी अथवा एमआरआय करून त्याचा फैलाव पाहता येतो, आणि गर्भाशयाबरोबर बीजकोश, बीजनलिका, लसिकाग्रंथी व पोटातील चरबीचा पडदा यांपैकी काय काढावे, याची तजवीज कर्करोग-शल्यविशारदाला करता येते, नाहीतर अपुरी शस्त्रक्रिया होऊन रुग्णेला दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागण्याचा संभव राहतो. यास्तव संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ‘तुकड्याचा रिपोर्ट काय आला?’ हे घरच्यांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, आणि दुसऱ्या इस्पितळात जाताना रिपोर्टाबरोबर तुकड्याच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळेही मागून न्यावेत.