तरोट्याच्या नावातलं चक्र

मृगाचा पाऊस पडला की भंडारा जिल्ह्यात कुणीही न पेरलेलं एक झाड जिकडेतिकडे उगवतं. धानाच्या बांधींच्या धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, गोठ्यामागे, शाळेच्या कुंपणाशी, सगळीकडे तरोटा! साकोली, लाखांदूर, पवनीकडच्या मुलांना तो काही नवा नाही. कोवळा पाला खुडायचा, भिजवलेली चण्याची डाळ, लसूण आणि लाल मिरची घालून परतायचा, की भाजी तयार. पाला जून झाला की त्याला उग्र वास येतो, मग कुणी खुडत नाही.

पुण्याकडे याच भाजीला टाकळा म्हणतात, गोव्यात टायकिळो. गोंदिया ओलांडून छत्तीसगडात गेलात तर बाजारात ती चरोटा म्हणून मिळेल. पण मला सगळ्यांत आवडतं ते त्याचं जुनं संस्कृत नाव, चक्रमर्द. म्हणजे चक्राला चिरडून टाकणारा! आता एवढंसं रोप कुठलं चक्र चिरडणार?

हे चक्र असतं आपल्या कातडीवर. नायटा पाहिलाय ना? कुणी त्याला गजकर्ण म्हणतं, कुणी दाद. खाजरा, लालसर गोल चट्टा, कडा उठावदार आणि मधली कातडी त्यामानाने बरी. हा रोग बुरशीमुळे होतो. ती कातडीतलं केराटिन खाते आणि खात खात चहूबाजूंनी बाहेर सरकते. मागे राहिलेली मधली जागा भरून येऊ लागते. वैनगंगेत खडा टाकल्यावर वलय पसरतं ना, तसाच हा चट्टा रुंदावत जातो. म्हणून तो गोल!

चक्रमर्द हे नाव पडलं तेव्हा या रोगामागे बुरशी असते हे कुणाला ठाऊक नव्हतं. डोक्याच्या कातडीवरच्या अशाच एका रोगात बुरशी असते, हे डेव्हिड ग्रूबी या डॉक्टरांनी पॅरिसमध्ये १८४१ साली सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. आपल्याकडच्या वैद्यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी रोगाचा आकार नीट पाहिला होता आणि तोच औषधाच्या नावात घातला होता. सोळाव्या शतकातल्या भावमिश्र या वैद्यांच्या ग्रंथात चक्रमर्दाच्या जोडीला आणखी एक नाव आहे, दद्रुघ्न. दद्रु म्हणजे दाद, तिचा नाश करणारा. १९७५ साली दोन भारतीय संशोधकांनी तरोट्याच्या बियांमधून बुरशीला रोखणारं रसायन वेगळं काढलं. म्हणजे जुन्या नावात तथ्य होतं! पण म्हणून नायट्यावर पाला चोळत बसू नका हं. नायटा झाला तर दवाखान्यातच जायचं.

तरोट्याच्या शास्त्रीय नावाची, सेन्ना टोरा या नावाची, गोष्ट समुद्रापलीकडची आहे. पाउल हेरमान नावाचे डॉक्टर सतराव्या शतकात श्रीलंकेत राहिले. तिथल्या झाडांची पानंफुलं त्यांनी वाळवून जपून ठेवली. स्वीडनच्या लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे त्या नमुन्यांचा अभ्यास केला आणि १७५३ साली तरोट्याला नाव देताना सिंहली लोकांचा 'तोरा' हा शब्दच घेतला. तेव्हा त्याचं आडनाव कॅसिया होतं, सेन्ना नंतर झालं. चीनमध्ये तरोट्याच्या आणि त्याच्या जवळच्या एका भाईबंदाच्या बिया भाजून चहा करतात. तिथल्या नावाचा अर्थ आहे नजर स्वच्छ करणारी बी! आपल्या लोकांनी कातडी पाहिली, त्यांनी डोळे.

आता एक गंमत स्वतः बघा. तरोट्याच्या एका पानाला सहसा तीन जोड्या पानुल्या असतात, टोकाला गोलसर आणि रुंद. खालच्या जोड्यांच्या मधोमध काडीसारखी बारीक ग्रंथीही दिसेल. दिवेलागणीला पुन्हा या. पानुल्या जोडीजोडीने मिटलेल्या असतील. प्रत्येकीच्या देठाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी कमी होतं, दुसऱ्या बाजूचं वाढतं आणि पानुली वळते. चार्ल्स डार्विन यांनी तरोट्याच्या कुळातल्या झाडांची ही झोप कितीतरी रात्री जागून पाहिली आणि १८८० च्या पुस्तकात लिहून ठेवली.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. तरोट्यासारखाच पिवळ्या फुलांचा कासविंदा त्याच्या शेजारीच उगवतो. त्याच्या पानुल्या टोकदार असतात आणि जोड्याही जास्त. उत्तर प्रदेशात त्याच्या शेंगांतल्या बिया खाऊन लहान मुलं गंभीर आजारी पडली आहेत, काही दगावलीही. म्हणून रानातली कुठलीही शेंग तोंडात घालायची नाही आणि भाजी खुडायची ती आई-आजीला दाखवूनच.

आणि हो, तुमच्या गावात तरोट्याला आणखी काही म्हणतात का? आजीला विचारा आणि ते नाव, गावाच्या नावासकट, आम्हाला पत्रातून कळवा.