पाहिलेले आणि ऐकलेले : शिपिबो भाषेची शिस्त

पेरू देशाच्या पूर्व भागात, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, उकायाली नदीकाठी शिपिबो-कोनिबो हे आदिवासी लोक राहतात. ज्यांना ग्रंथ नाहीत त्यांची भाषा ओबडधोबड असणार, असा समज शिकलेल्या समाजांत फार काळ रूढ होता. या लोकांच्या व्याकरणाकडे पाहिले, तर तो समज टिकत नाही.

नदीला पूर आला, ही साधी बातमी घेऊ. सांगणाऱ्याने पूर स्वतः पाहिला असेल, तर तो वाक्यात 'रा' हा प्रत्यय जोडतो. दुसऱ्याकडून ऐकला असेल तर 'रोंकी', आणि तर्काने ताडला असेल तर 'बिरा'. मराठीतही 'पूर आला म्हणे' अशी सोय आहे. परंतु 'म्हणे' लावणे न लावणे आपल्या मर्जीवर असते. शिपिबोत मात्र माहिती कोठून आली, हे सांगणे बोलण्याच्या रीतीतच आहे. पूर्वजांच्या कथाही 'रोंकी' लावून सांगितल्या जातात. परंपरा कितीही आदरणीय असो, ती ऐकीव आहे, हे भाषा लपवीत नाही.

आता उपचाराचा विचार करू. त्यांच्या वैदूस 'ओनान्या', म्हणजे 'जाणणारा', म्हणतात. तो रात्री अयाहुआस्का वेलीचा काढा घेतो, रोगाचे कारण 'पाहतो' आणि रुग्णासाठी गाणी म्हणतो. झोपेतले स्वप्न सांगताना शिपिबो माणूस 'रोंकी' वापरतो. काढ्याच्या अमलाखाली दिसलेले दृश्य सांगताना मात्र 'रा' वापरतो. म्हणजे वैदूचे दर्शन व्याकरणाने प्रत्यक्ष अनुभवात धरले आहे.

मग ते सत्य मानावे काय? आमच्या मते, येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. प्रत्यय ज्ञानाचा उगम सांगतो, त्याच्या खरेपणाची हमी देत नाही. साक्षीदार प्रामाणिक असूनही साक्ष चुकू शकते. गाण्याने रुग्णास धीर येत असेल. पण त्याचा ताप कशाने आला, हे तपासूनच ठरवावे लागते. 2008 साली पेरू सरकारने अयाहुआस्काविषयीचे आदिवासी ज्ञान राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले. तो त्या लोकांचा उचित सन्मान होय. परंतु वारसा ठरणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

या लोकांना अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याआधी आपण स्वतःस विचारावे : ऐकीव गोष्टी आपण किती वेळा 'म्हणे' गाळून, डोळ्यांनी पाहिल्यासारख्या सांगतो?