शांतिसेनेतील हुतात्मे आणि १९८७ चा भारत–श्रीलंका करार

चेन्नईत सेंट थॉमस माउंटजवळ लष्कराची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. मुंबईत जन्मलेले रामस्वामी परमेश्वरन १९७२ साली इथूनच महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर अतिरेक्यांनी हल्ला केला. छातीत गोळी लागली असताना मेजर परमेश्वरन यांनी एकाची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटपर्यंत ते जवानांना आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

आता प्रश्न असा, की ते तिथे कशासाठी गेले होते? देश जिंकायला नव्हे. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. शस्त्रसंधी, अतिरेकी गटांनी शस्त्रे खाली ठेवणे, तमिळबहुल भागांना प्रांतीय स्वायत्तता आणि तमिळ भाषेला राजभाषेचा दर्जा, असे त्याचे मुख्य मुद्दे होते. या कराराच्या अंमलबजावणीसाठी भारतीय शांतिसेना गेली.

इथे एक संकल्पना नीट समजून घ्या. शांतिरक्षणाची पहिली अट असते ती संबंधित पक्षांची संमती. सैनिक दोन पक्षांच्या मध्ये उभा राहतो, तो दोघांनी त्याला उभे राहू दिले म्हणून. हा करार मात्र दोन सरकारांमधला होता. लिट्टेची त्यावर सही नव्हती. ऑक्टोबरमध्ये लिट्टेशीच लढाई पेटली आणि मध्यस्थ हाच लढाईतला एक पक्ष झाला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे: वाटाघाटींच्या टेबलावर राहिलेली फट शेवटी जवानाला स्वतःच्या अंगाने भरावी लागते. सुमारे १,२०० जवान परतले नाहीत.

मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघून मद्रासला आली. तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांवरच बंदूक चालवलेल्या सैन्याचे स्वागत कसे करायचे, ही त्यांची भूमिका होती. ती पटो वा न पटो, पण जवानाने मोहीम स्वतः निवडलेली नसते, हेही तितकेच खरे. पुढे श्रीलंकेनेच कोलंबोजवळ या भारतीय जवानांची नावे कोरलेले स्मारक उभारले. ज्या देशात ते पडले त्यानेच त्यांची नावे जपली, ही गोष्ट मुत्सद्देगिरीच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

हार घालण्यापलीकडचे स्मरण म्हणजे ज्या करारासाठी ते गेले, त्याचे पुढे काय झाले हे विचारणे. करारानंतर श्रीलंकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि प्रांतीय परिषदा आल्या. यादवी मात्र मे २००९ पर्यंत चालली. त्यानंतर भारताने युद्धात बेघर झालेल्यांसाठी प्रामुख्याने उत्तर आणि पूर्व भागांत ५०,००० घरांची योजना हाती घेतली. हे काम संथ असते; त्याच्या बातम्या फारशा होत नाहीत. उत्तर प्रांतात २०१३ साली परिषद निवडून आली, २०१८ मध्ये तिची मुदत संपली आणि त्यानंतर अनेक वर्षे निवडणूकच झाली नाही. जमीन आणि पोलीस हे अधिकार प्रांतांकडे प्रत्यक्षात किती जावेत, यावर कोलंबो, जाफना आणि दिल्ली यांच्यात अजून बोलणी सुरू आहेत.

स्वाध्यायासाठी मूळ कराराचा मजकूर मिळवून वाचा. त्यातले कोणते कलम सैन्य पाठवून पुरे होण्यासारखे होते आणि कोणते नव्हते, याची खूण करा.