कंजूष राजा आणि सोन्याचा ठिपका

आधी एक दार बघू या. दार दगडाचं आहे, त्याला कडीही कोरलेली आहे, पण ते उघडत नाही. उघडणार कसं? आत खोलीच नाही! दाराच्या वर खिडक्या, त्यांच्या वर आणखी खिडक्या, असे चांगले तेरा मजले कोरलेत, आणि हे सगळं एकाच अखंड दगडात. लांबी 33 मीटर, वजन अंदाजे 520 टन.

इथिओपियाच्या उत्तरेला अक्सुम नावाचं गाव आहे, तिथे हा खांब आडवा पडलाय. उभा करतानाच किंवा उभा केल्यावर थोड्याच काळात तो कोसळला असावा, असं अभ्यासकांना वाटतं. त्या दिवशी मुकादमाचा चेहरा कसा झाला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. दगड आणला होता चार किलोमीटरवरच्या खाणीतून, आणि तोही सुमारे सतराशे वर्षांपूर्वी. ना क्रेन, ना ट्रक. तिथल्या राजांच्या थडग्यांपाशी असे खांब उभारायची पद्धत होती.

एवढा थाट करायचा म्हणजे पैसा लागतो. तो यायचा हत्तींमुळे. बिचाऱ्या हत्तींना यातलं काही मिळालं नाही, दात मात्र गेले. हस्तिदंत, गेंड्याची शिंगं, कासवाची पाठ असा माल तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस बंदरात जायचा. हे बंदर आज इरिट्रिया देशात येतं. अक्सुमहून तिथवर आठ दिवसांची वाट होती. रोमन साम्राज्यातल्या इजिप्तहून भारताकडे निघालेली जहाजं याच समुद्रातून जात. गावातल्या एकुलत्या एक नाक्यावर दुकान मिळावं, तसं अक्सुमचं झालं होतं.

हे सगळं आपल्याला कळलं कसं? पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या माणसाने दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तक लिहून ठेवलं. त्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात. कुठल्या बंदरात काय खपतं, काय घ्यावं, कुठे सांभाळून राहावं, सगळं त्यात आहे. लेखकाने आपलं नाव कुठे लिहिलं नाही, पण राजाबद्दल मात्र बिनधास्त लिहिलंय. अदुलिसच्या बाजूचा राजा झोस्कालेस पैशाच्या बाबतीत चिकट, सतत आणखी हवं असणारा, पण बाकी माणूस चांगला आणि ग्रीक लिहिता-वाचता येणारा, असं त्याचं मत! राजाला याचा पत्ता लागला असता तर पुढच्या खेपेला या गृहस्थांची खैर नव्हती.

अदुलिसमध्ये काय खपतं, याचीही यादी त्याने दिलीय. भारतातलं लोखंड आणि पोलाद, सुती कापड, मलमल, रंगाची लाख. आणि याच पुस्तकात पुढे आपल्या ओळखीची नावं भेटतात: सोपारा, कल्याण, पैठण, तेर. नालासोपारा आणि कल्याण म्हटलं की आज आपल्याला लोकल आठवते. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे जहाजं लागत.

पुढे, तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, अक्सुमच्या राजांनी स्वतःची नाणी पाडायला सुरुवात केली. सोन्याची, चांदीची आणि तांब्याचीसुद्धा. सोन्याच्या नाण्यावर राजाचं डोकं आणि दोन्ही बाजूंना धान्याची एकेक ओंबी. अक्षरं बहुतेक ग्रीक, कारण ही नाणी समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांना द्यायची. अशी काही नाणी दक्षिण भारतातही सापडली आहेत. गावातल्या बाजारासाठीच्या तांब्याच्या नाण्यांवर हळूहळू गीझ ही तिथली भाषा आली.

मला सगळ्यात आवडतात ती तांब्याचीच. काही नाण्यांवर कारागिराने सोन्याचा चिमुकला पत्रा बसवलाय. कुठे राजाच्या डोक्यामागे, कुठे क्रुसाच्या मधोमध. अख्खं नाणं बोटाच्या पेरावर मावेल एवढं, आणि त्यात हा सोनेरी ठिपका! एकेका नाण्यावर एवढं बारीक काम, तेही भाजीपाल्यासारख्या किरकोळ खरेदीत हातोहात फिरणाऱ्या पैशावर. क्रुस आला तो चौथ्या शतकात, राजा एझाना ख्रिस्ती झाल्यावर. त्याच्या आधीच्या नाण्यांवर त्या जागी चंद्रकोर असायची.

आता सोनं कुठून यायचं, ते ऐका. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा व्यापारी अदुलिसला आला होता. तो लिहितो की राजाची माणसं वर्षाआड दूर दक्षिणेकडे जायची. पाचशेच्या वर माणसं, सोबत बैल, मीठ आणि लोखंड. तिथे पोचलं की काट्यांचं कुंपण करायचं, बैल कापायचे आणि मांसाचे तुकडे, मीठ, लोखंड त्या काट्यांवर मांडून ठेवायचं. तिथले लोक यायचे आणि आवडलेल्या वस्तूवर सोन्याचे एक-दोन खडे ठेवून बाजूला व्हायचे. मालकाला पटलं तर तो सोनं उचलणार. नाही पटलं तर हात लावणार नाही. मग समोरचा आणखी एक खडा ठेवणार, नाहीतर आपलं सोनं घेऊन चालू लागणार. एकमेकांची भाषा येत नाही, दुभाषा नाही, तरी पाच दिवस बाजार चालायचा! घासाघीस झाली, पण तोंडातून शब्द नाही. आपल्याकडच्या भाजीबाजारात हे जमेल का, सांगा बरं. (हाच कॉस्मस कल्याणबद्दलही लिहितो. तिथून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड जातं म्हणून.)

आणि मग नाक्याची रहदारीच कमी झाली. सन 541 मध्ये इजिप्तच्या बंदरात प्लेगची साथ आली आणि तिथून सगळीकडे पसरली. सन 525 च्या सुमारास अक्सुमचा राजा कालेब याने समुद्र ओलांडून येमेन जिंकलं होतं. तिथे 570 च्या आसपास इराणी आले. सातव्या शतकात तांबड्या समुद्रावर अरबांची सत्ता आली. घरातही अडचण होतीच: इमारतींसाठी आणि भट्ट्यांच्या कोळशासाठी झाडं तुटली, उतारावरची माती वाहून गेली. धान्य कमी, गिऱ्हाईक कमी. अक्सुमची कुणी एका दिवसात धूळधाण केली नाही. राजे दक्षिणेकडे सरकले, आणि सातव्या शतकात नाणी पाडणंच थांबलं.

गीझ लिपीत मात्र इथिओपियातले लोक आजही अम्हारिक आणि तिग्रिन्या लिहितात. आणि 24 मीटरचा एक खांब इटलीने 1937 मध्ये उचलून रोमला नेला होता, तो 2005 मध्ये तीन तुकड्यांत विमानाने परत आला. 2008 पासून अक्सुममध्ये उभा आहे.

नाणी गेली, पण व्यवहार काही थांबत नाही. पुढे त्या डोंगराळ मुलखात मिठाच्या वीतभर लांब विटाच पैसे म्हणून चालू लागल्या, त्या थेट विसाव्या शतकापर्यंत. दनाकिलच्या वाळवंटातून उंटांवर लादून आणलेलं हे मीठ दुकानात द्यायचं आणि माल घ्यायचा. वीट पावसात भिजली की मालकाची कमाई विरघळलीच!